मुलाचा फुटबॉल आणि कंसातलं एक वाक्य

पत्र थोडक्यात: टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून एका आईने लिहिलं आहे. माहेर-सासर दोन्ही सांगलीकडचं, अमेरिकेत येऊन अठरा वर्षं झाली. सोळा वर्षांचा मुलगा अकरावीत आहे आणि सातवीपासून अमेरिकन फुटबॉल खेळतो. हायस्कूलच्या संघात तो 'गार्ड' आहे, म्हणजे पुढच्या फळीतला. कोच म्हणतात, वजन पंधरा किलो वाढवलं तर विद्यापीठाची स्कॉलरशिप मिळू शकेल. मुलाच्या डोक्यात एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची लीग. वडील आधी विरोधात होते, पण आता हिशेब मांडून बसलेत: आधी स्कॉलरशिप, मग एनएफएल, आणि तिथे नवख्याचा किमान पगारच २०२५ मध्ये आठ लाख चाळीस हजार डॉलर. आईला वाटतं, गणितात हुशार असलेलं पोर हातचं गेलं. मैत्रिणी म्हणतात, 'आपल्या लोकांची हाडं त्या खेळाची नव्हेत.' सांगलीचे आजोबा उमेदीत तालमीत घुमलेले, ते फोनवर म्हणतात, 'खेळू दे की पोराला.' आईचा प्रश्न: पाय रोवून हे बंद करू, की गप्प बसू?

प्रिय फ्रिस्कोच्या आई,

तुमचं चार पानी पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन पानांत एनएफएल आहे, तिसऱ्यात तुमचं आणि यजमानांचं भांडण, चौथ्यात मैत्रिणी. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी कंसात एक वाक्य आहे: 'ऑक्टोबरमध्ये एका सामन्यानंतर त्याला उलटी झाली होती आणि मैदानावरचे दिवे दोन-दोन दिसत होते म्हणे, हे मला त्याच्या मित्राच्या आईकडून महिन्याने कळलं.' पुढे कंस बंद आणि लगेच वजनाचा विषय सुरू.

त्या कंसाकडे येणारच आहे. पण आधी ती एनएफएल स्वयंपाकघरातून बाहेर काढू या. तुमच्या घरात तिच्यावरून रोज वाद होतोय आणि ती अजून आलेलीच नाही.

आधीच कबूल करते, अमेरिकेत आल्यावर पहिली दहा वर्षं मला हा खेळ म्हणजे धिप्पाड माणसांचा ढिगारा आणि त्याभोवती शिट्टी फुंकत पळणारा पट्टेरी शर्टवाला एवढाच दिसत असे. मग शेजारच्या एका आजीबाईंनी थँक्सगिव्हिंगच्या दुपारी सोफ्यावर बसवून शिकवला. त्यामुळे मी काही जाणकार नाही. पण आकडे वाचता येतात.

यजमानांसाठी हे आकडे. देशभरात हायस्कूलमध्ये हा खेळ खेळणारी मुलं दहा लाखांच्या घरात आहेत. एनएफएलमध्ये संघ ३२ आणि प्रत्येक संघात जागा ५३. हायस्कूल सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टला, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांना, उभंच राहता येत नाही, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सातही फेऱ्या मिळून २५७ जणांची नावं पुकारली गेली. बरं, नाव पुकारलं म्हणजे नोकरी लागली असंही नाही. उन्हाळ्यात प्रत्येक संघ ९० जण घेऊन सराव सुरू करतो आणि ऑगस्टअखेर त्यातले ५३ ठेवतो. ३२ संघांचा गुणाकार तुम्हीच करा, अकराशेहून जास्त मुलांना एकाच वेळी घरचा रस्ता. काहींना 'प्रॅक्टिस स्क्वॉड'वर परत घेतात, म्हणजे सराव करायचा आणि कोणाचा गुडघा मोडतो याची वाट बघायची. पूर्वी म्हणे सकाळी एक माणूस खोलीवर यायचा आणि सांगायचा: कोचने बोलावलंय, येताना प्लेबुक घेऊन ये. प्लेबुक म्हणजे संघाच्या डावपेचांची जाडजूड वही. ती परत मागितली की मुलगा समजून जायचा.

ते आठ लाख चाळीस हजार खरे आहेत, पण ते वर्षभर संघात राहणाऱ्याचे. मोबदला आठवड्यावर मोजला जातो आणि हंगाम अठरा आठवड्यांचा. तिसऱ्या आठवड्यात काढलं, तर नवख्याच्या हाती साधारण तीनच आठवड्यांचे पैसे. बातम्यांत जे कोटींचे करार येतात, त्यांतली हमी दिलेली रक्कम किती एवढंच बघायचं. बाकीचा आकडा बहुधा शोभेचा. खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास धरते. लीगला हा आकडा मान्य नाही, तिची मोजण्याची रीत वेगळी आहे. पण पेन्शनचा हक्क लागायलाच तीन हंगाम लागतात, यावरून काय ते समजा.

आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते. १९९६ ते २००३ या वर्षांत ड्राफ्ट झालेल्या खेळाडूंचा काही अर्थतज्ज्ञांनी माग काढला. निवृत्तीनंतर बारा वर्षांत त्यांतल्या सुमारे १६ टक्के लोकांनी दिवाळखोरी जाहीर केली होती. आणि जास्त वर्षं खेळलेला, जास्त कमावलेला माणूस त्यातून वाचला असंही दिसलं नाही. पंचविशीत पैसा येतो, तो आयुष्यभर येत राहील असं वाटतं, भाऊबंद गोळा होतात. आपल्याकडे जमिनीचे पैसे आलेल्या घरांत हेच पाहिलंय की नाही आपण?

तेव्हा यजमानांना प्रेमाने सांगा, एनएफएल घराच्या अंदाजपत्रकात धरायची नाही. लागलीच तर ती लॉटरी, आणि तिचं तिकीट शरीराने विकत घ्यावं लागतं.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही धरून चालला आहात की फुटबॉल म्हणजे अभ्यास बुडाला. टेक्सासमध्ये उलट आहे. तिथे १९८४ पासून 'नापास तर खेळ बंद' असा नियम आहे. एका विषयात सत्तरच्या खाली घसरला तरी निदान तीन आठवडे सामने नाहीत. वरच्या श्रेणीच्या विद्यापीठात खेळायचं तर हायस्कूलमध्ये ठरावीक सोळा मुख्य विषय व्हावे लागतात आणि त्यांत किमान गुण लागतात. तुम्ही गेली तीन वर्षं 'गणित कर, गणित कर' म्हणून घसा कोरडा केलात. कोचने एकदा डोळे वटारले की ते होतं. रागावू नका, सगळ्याच घरांत असं असतं.

आणि 'गणितातलं डोकं' म्हणालात म्हणून जॉन अर्शेलबद्दल सांगते. हाही तुमच्या मुलासारखाच गार्ड. पेन स्टेट विद्यापीठातून गणितात मास्टर्स केलं, २०१४ मध्ये पाचव्या फेरीत बाल्टिमोर रेव्हन्सने घेतलं. एनएफएलमध्ये खेळता खेळताच एमआयटीत गणिताच्या पीएच.डी.ला लागला. २०१७ च्या जुलैत, सव्विसाव्या वर्षी, सराव सुरू व्हायच्या दिवशी निवृत्त झाला. २०२१ मध्ये डॉक्टरेट मिळाली, आज तो तिथेच शिकवतो. दोन्ही एका माणसाला जमतं, याचा तो जिवंत पुरावा. पण थांबा, त्याची गोष्ट एवढीच नाही. पुढे येते.

हाडांचं म्हणाल तर मैत्रिणींना चहा पाजा आणि विषय बदला. ब्रँडन चिलारचे वडील भारतीय. तो २००४ पासून सात हंगाम एनएफएलमध्ये होता, ग्रीन बे पॅकर्सने २०११ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला त्या संघातलाही. मात्र त्या रात्री तो दुखापतीमुळे बाहेर होता. हाडं भारतीय असोत की आणखी कुठली, तो खेळ सगळ्यांची सारखीच मोडतो.

वजनाबद्दल मात्र तुमची काळजी रास्त आहे. सकाळी सहाला आठ अंडी, शाळेतून आल्यावर चिकनचा वेगळा तवा, रात्री झोपताना पुन्हा दूध-केळी, आणि तुम्ही माळकरी घरातल्या. मला ते स्वयंपाकघर डोळ्यांसमोर दिसलं. सासऱ्यांना विचारा, खुराक म्हणजे काय ते त्यांना माहीत आहे. तालमीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला की अंग सुटतं. क्लीव्हलँड ब्राउन्सचा जो थॉमस हा पुढच्या फळीतला मोठा खेळाडू, सलग १०,३६३ डाव एकदाही बाहेर न बसता खेळलेला. खेळ सोडल्यावर त्याने सुमारे पन्नास पाउंड उतरवले. खेळत होता तोवर ते अंगावर टिकवण्यासाठी भूक नसतानाही खात राहावं लागायचं. पंधरा किलो वाढवायचे तर ते वर्ष-दीड वर्षात, डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञाला विचारून. आपल्या घरांत मधुमेह किती आहे तेही त्यांना सांगा. जिममधल्या कोणा दादाने दिलेल्या डब्यातली पावडर नको.

आता कंस.

तुम्ही स्टँडमध्ये वर बसता असं लिहिलंय. एकदा खाली, अगदी पहिल्या रांगेत बसा आणि चेंडू कुठे जातो ते बघूच नका, फक्त मुलाकडे बघा. तो वाकतो, एक हात गवताला टेकवतो. समोर दोन-तीन फुटांवर तसाच एक गडी. चेंडू मागे सरकतो आणि दोघं एकमेकांवर आदळतात, हेल्मेटचा खाट्कन आवाज येतो. लोक तोवर चेंडूमागे ओरडत पुढे गेलेले असतात. तो उठतो, पुन्हा रांगेत येतो, पुन्हा हात टेकवतो. एका सामन्यात असं पन्नास-साठ वेळा.

आपण 'कन्कशन झालं का', म्हणजे डोक्याला मार बसून मेंदू हादरला का, एवढंच विचारतो. नाही म्हटलं की सुटलो. पण माइक वेबस्टर हा पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, म्हणजे तुमच्या मुलाच्या शेजारच्या जागेवरचा, २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत जो आजार दिसला, त्याला सीटीई म्हणतात: वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदू हळूहळू झिजतो. त्यानंतर बॉस्टन विद्यापीठात डॉ. अ‍ॅन मकी यांच्या गटाने एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, ११० मध्ये तो सापडला. हा आकडा ऐकून घाबरून जाऊ नका: ज्यांना त्रास होता, त्यांच्याच घरच्यांनी बहुतेक मेंदू दिले होते, त्यामुळे सगळ्या खेळाडूंना तो होतो असा याचा अर्थ नाही. पण त्याच गटाने पुढे दाखवलं की किती कन्कशन झाली यापेक्षा किती वर्षं खेळला हे महत्त्वाचं दिसतं. त्यांच्याकडच्या नमुन्यांत खेळाची साधारण अडीच वर्षं वाढली की आजाराची शक्यता दुपटीच्या आसपास जात होती. साधे, विसरून जाण्यासारखे धक्केच साठत जातात. आणि जिवंतपणी हा आजार नक्की सांगणारी तपासणी अजून नाही.

तुमचा मुलगा पाच वर्षं खेळलाय. बारावीचं एक आणि कॉलेजची चार मिळवली की दहा. एनएफएल धरलीच नाही तरी दहा. म्हणून म्हणते, एनएफएलवरून भांडू नका. खरा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

अर्शेलची राहिलेली गोष्ट आता सांगते. ऑगस्ट २०१५ मध्ये सरावात त्याचं डोकं आदळलं आणि शुद्ध हरपली. तीनेक आठवड्यांत तो मैदानावर परत गेला. पण ज्या पातळीचं गणित तो करायचा, तिथे पोहोचायला त्याहून जास्त वेळ लागला, असं त्यानेच नंतर सांगितलं. आणि मकींचा तो १११ मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर दोनच दिवसांनी त्याने खेळ सोडला. सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिस बोरलंड तर २०१५ मध्ये एका हंगामातच थांबला, चोविसाव्या वर्षी, करार करताना मिळालेल्या बोनसचा बराचसा भाग परत करून. दोघांनाही कोणी बंदी घातली नव्हती. पुरेशी माहिती हाताशी होती आणि थांबायची मुभा होती.

ती मुभा तुमच्या मुलाला आज आहे का? उलटी झाली, दिवे दुहेरी दिसले आणि त्याने कोणालाच सांगितलं नाही. का? सांगितलं तर जागा जाईल, कोच नाराज होईल, बाबांचा हिशेब फिसकटेल आणि आई म्हणेल 'बघ, मी म्हणत नव्हते'. क्षमा करा, पण त्याच्या गप्प बसण्यात तुमचा दोघांचाही वाटा आहे. घरात वाद पेटलेला असताना मुलगा पुरावा स्वतःहून आणून देत नाही.

टेक्सासमध्ये यासाठी २०११ पासून कायदा आहे. कन्कशनची शंका जरी आली तरी मुलाला लगेच बाहेर काढायचं, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही, आणि ही परवानगी कोचला देता येत नाही. कायदा चांगला आहे, पण लपवलेल्या उलटीपुढे तो काय करणार? पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर क्वचित जिवावरही बेततं, हे त्याला कोणीतरी नीट सांगायला हवं. ओरडून नाही.

तर माझं मत असं. आज बंदी घालू नका आणि गप्पही बसू नका. मेमध्ये वसंतातला सराव सुरू होईल. त्याआधी मेंदूच्या दुखापतींचं काम करणाऱ्या डॉक्टरकडे जा आणि ऑक्टोबरची हकिकत त्याला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. तुम्ही बाहेर बसा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत सराव नाही. या एका गोष्टीत मी तसूभरही मागे सरणार नाही, तुम्हीही सरू नका. त्याच फेरीत बेसलाइन चाचणी करून घ्या, म्हणजे पुढे काही झालं तर ताडून पाहायला काहीतरी असेल. शाळेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर असतो, तो कोच नव्हे. त्याची ओळख करून घ्या, त्याचा नंबर फोनमध्ये ठेवा. आणि कोचला विचारा, आठवड्यात अंगावर अंग आदळण्याचा सराव किती मिनिटं? टेक्सासमध्ये हंगामात त्याला नव्वद मिनिटांची मर्यादा आहे. विचारणारी आई कटकटी वाटेल. वाटू दे.

मग तिघं बसून कागदावर लिहा, कशावर थांबायचं. पुन्हा एक कन्कशन? गणितात घसरण? तो स्वतः 'पुरे' म्हणेल तो दिवस? हे आजच ठरवा, कारण शुक्रवारी रात्री अठरा हजार लोक ओरडत असताना कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. (तुमच्या शेजारच्या अ‍ॅलनमध्ये हायस्कूलच्या पोरांसाठी खरंच तेवढ्या खुर्च्यांचं, सहा कोटी डॉलरचं स्टेडियम आहे. मला अजूनही हे पचत नाही.)

कॉलेजांचे लोक येतील तेव्हा यजमानांनी स्कॉलरशिपची रक्कम विचारण्याआधी हे विचारावं: लेखी किती वर्षांची? दुखापतीने खेळ थांबला तर शिक्षण चालू राहील का? तुमच्या पुढच्या फळीतल्या किती मुलांनी पदवी घेतली आणि कशात? इंजिनिअरिंगची प्रयोगशाळा आणि सराव एकाच वेळी आले तर कोणी हटायचं? शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस किती वेळ घेतो, ते पाहा.

आणि एक दार तुमच्या पत्रात नाहीच. आयव्ही लीगमधली हार्वर्डसारखी विद्यापीठं आणि तिसऱ्या श्रेणीची दोनशेहून जास्त कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, पण प्रवेशाच्या वेळी खेळाडूकडे बघतात. आयव्हीत घरच्या उत्पन्नावर मदत मिळते, आणि यजमानांचा हिशेब कदाचित तिथेच बरा जुळेल. एनएफएलचं दारही तिथून बंद होत नाही: रायन फिट्झपॅट्रिक हार्वर्डमधून गेला, २००५ मध्ये २५०व्या क्रमांकावर निवडला गेला आणि सतरा हंगाम टिकला. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा होता, गार्ड नाही, हे खरं. पण खेळाला बांधलेली स्कॉलरशिप नसली की ज्या दिवशी खेळ सोडावासा वाटेल, त्या दिवशी शिक्षण सुटण्याची भीती नसते. या मुलासाठी मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

'रिक्रूटिंग करून देतो' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना नावावर पैसे कमावता येतात, म्हणून असे लोक हल्ली दहावीपासूनच दार वाजवतात. तुमचा मुलगा तिथेच जन्मलेला आहे, त्याला अडचण नाही. पण ज्या वाचकांची मुलं एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर आहेत, त्यांनी असा एक डॉलरही घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठावं, नाहीतर शिक्षणच धोक्यात येईल. आणि ज्यांची मुलं अजून आठ-दहा वर्षांची आहेत त्यांनी फ्लॅग फुटबॉल बघावा: अंगावर जायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे. अंगावर जाऊन पाडण्याच्या, टॅकलच्या खेळाची घाई कशाला?

राहिले आजोबा. तुम्ही त्यांना विरुद्ध पक्षात टाकलंय. पण दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय की त्यांचा खांदा निखळला तेव्हा वस्तादांनी त्यांना अख्खा हंगाम मातीत उतरू दिलं नव्हतं, आणि ते रोज तालमीत जाऊन नुसते कडेला बसायचे. ही गोष्ट नातवाला कोणी सांगितली आहे का? तुम्ही नका सांगू, यजमानांनीही नको. शनिवारी सकाळी नऊला फोन लावून द्या. तिकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतील, त्यांचं जेवण उरकलेलं असेल. फोन मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा.

तुमची,
ताई